‘फाईट’ आणि मालूकाकीची फणी

करंजाड्यातल्या आमच्या बिल्डिंगची मालकीण मालूकाकी. मी तिची भाडेकरू, त्यात कॉलेजात इंग्रजी शिकवते, त्यामुळे इंग्रजीत काहीही अडलं की ती थेट माझ्या दारात. शाम्पूच्या बाटल्यासुद्धा वाचून दाखवल्यात मी तिला. परवा मात्र तिनं मलाच गोंधळात टाकलं.

मोबाइल माझ्या नाकापुढे धरून म्हणाली, “बाई, ह्ये वाच.”

वरच्या मजल्यावरच्या केतननं, म्हणजे तिच्या पुतण्यानं, आपल्या हळदीचं बोलावणं पाठवलं होतं. खाली लिहिलं होतं, ‘काकी, नो फाईट प्लीज.’

“भांडण नको, म्हणतोय,” मी म्हटलं.

“त्ये मना बी कळतं. पन ह्ये बोलावनं हाय का टोमना?”

आता मी काय सांगणार, कपाळ! चार वर्षांपूर्वी बिल्डिंगला कोणाच्या नवऱ्याचं नाव द्यायचं यावरून दोघी जावा गेटपाशी भांडल्या. मालूकाकीनं मोठ्या जावेच्या, केतनच्या आई सुनीताबाईच्या, झिंज्या धरल्या. अख्ख्या सेक्टरनं पाहिलं. तेव्हापासून अबोला, आणि बिल्डिंग अजून बिननावाची. कुरिअरवाले वैतागतात, मीही वैतागते.

“ह्यो फाईट शब्द आला तरी कुठून?” काकीनं खुर्ची ओढली.

झालं, माझ्यातली मास्तरीण जागी झाली. म्हटलं, खात्रीनं कोणी सांगत नाही, पण काही अभ्यासकांच्या मते त्याचं मूळ हजारो वर्षं जुनं आहे. केस नाहीतर लोकर उपटणं, विंचरणं, असा त्या मुळाचा अर्थ.

काकीचा चेहरा पडला. “तिचे केस उपटून माझे मुठीत आलेले, ह्ये कोनी सांगितलं तुला?”

“अहो काकी, मी इंग्रजीचं सांगतेय!”

कमरेला खोचलेली फणी काढून तिनं बोटांत फिरवली. मग म्हणाली, “उपटनं म्हंजे भांडन, कळलं. पन विंचरनं कसं भांडन? मी लगीन होऊन आले तवा सुनीताबायच माझी येनी घालायची. आन घरात हळद असली का तिचा आंबाडा मीच बांधायची. दुसरे कोनाला हात लावून द्यायची नाय ती.”

मी वाचलं होतं, पण एकाच मुळातून दोन्ही कसं निघालं, ते मलाही उमगलं नव्हतं.

“मना जायचंय गं,” काकीचे डोळे भरले. “पन तिनं हाकलली तर?”

हळदीच्या दिवशी ती मला हाताला धरून वर घेऊन गेली. सुनीताबाई केस मोकळे सोडून पाटावर बसली होती. पार्लरची मुलगी ड्रायर घेऊन कोपऱ्यात हिरमुसून उभी होती. तिला सुनीताबाईनं केसांना हातच लावू दिला नव्हता.

आम्हाला बघून बायका बाजूला सरकल्या. मालूकाकीनं कमरेची फणी काढली.

“परत उपटाला आलीस?” सुनीताबाईनं विचारलं.

“नाय. विंचराला.”

सुनीताबाई नुसती वळली आणि पाठ करून बसली. काकीनं तेल लावून भांग पाडला आणि तिचा हात थांबला. कानामागे रुपयाएवढी जागा होती, तिथं केस पुन्हा उगवलेच नव्हते.

“तिथं जरा हळू,” सुनीताबाई म्हणाली.