इथले की आणलेले?

आमच्या खरेदी खात्यातले किस्से माझ्या पर्समधल्या लेकीच्या मोज्यांसारखे साचतात. एकेकटे, जोडीविना. मोजे निदान कधीतरी धुवायला निघतात.

आमचा कारखाना सुप्याच्या एमआयडीसीत. सरकारी पैशातून येणाऱ्या सिटी बसच्या सीट आम्ही बनवतो. सरकारचा नियम असा, की सीटच्या किमतीतला ठरावीक हिस्सा देशात बनलेला हवा. कुठला भाग कुठून आला ते शोधून सही करायची मी. गॅस बंद केला का म्हणून फाट्यावरून घरी परत फिरणारी मी! पण मालावर एकदा सही केली की मागं वळून बघत नाही. का, ते मलाही कळलेलं नाही.

*

बोल्टवाल्याला फोन केला. "तुमचे बोल्ट कुठं बनतात?"

"हितंच म्याडम, माझ्या दुकानात."

"दुकानात बनतात?"

"मिळत्यात. मिळत्यात म्हंजी झालंच की."

बनवणाऱ्याचं नाव विचारलं, तर म्हणाला, "आता बोल्टाचं कूळ काढता व्हय?"

काढलं. लुधियाना निघालं. देशातलं कूळ, बोल्ट पास.

*

फोम आला तो परदेशी अक्षरांच्या पोत्यातून. मी गाडी अडवली.

"पोतं बाहेरचं हाय, फोम आपला," फोमवाला म्हणाला. "रिकामी पोती स्वस्त मिळत्यात."

मी थेट पारनेरला त्याच्या शेडवर गेले. मशीनमधून फोम निघताना डोळ्यांनी बघितला. शेजारी त्याची आई तसल्याच पोत्यावर बसून बाजरी पाखडत होती. मला म्हणाली, "बाई, बाजरी बी आमचीच हाय. लिहून घे."

*

हे खूळ घरीही आलं. लेकीचं नवं दप्तर मी उलटंपालटं करून बघत होते, तर सासूबाई म्हणाल्या, "दुधाची पिशवी तेवढी उलटी करू नकोस, फुटेल."

इरा चार वर्षांची. माझे फोन ऐकून ऐकून तिनं प्रश्न उचलला. भाजीवालीला विचारते, "इथली की आणलेली?" देवळात गेलो तर पुजाऱ्यांना देवाबद्दलही विचारलं. मी चपला शोधायला लागले.

*

मग तपासणीचा दिवस आला. ड्रायव्हरची सीट वर-खाली करणारी गॅस स्प्रिंग आम्ही परदेशातून आणतो. मी ती 'बाहेरची' लिहिली होती, त्यामुळे आमचा देशी हिस्सा अगदी काठावर. तपासणीच्या साहेबांनी आणखी एखादा भाग जरी देशी मानला नाही तरी ऑर्डर गेली, आणि शिलाईच्या बायकांची एक पाळी बंद. त्यात सासूबाई लग्नाला गेलेल्या, अंगणवाडीला सुट्टी. इराला घेऊनच गेले.

साहेब दिल्लीहून आलेले. सगळं हिंदीत. स्टोअरचे पानसरेकाका त्यांच्या शेजारी उभं राहून मला बिनधास्त मराठीत सांगत होते, "ताई, ती स्प्रिंग हितली लिवली असती तर कोण बगतंय? ह्याला काय कळतंय, चष्मा बगा त्याचा."

"काका, बाहेरून आली ती बाहेरचीच. खोट्यावर माझी सही नाही."

"मग निदान भेळ मागवतो. खाण्यात गुतला म्हंजी फोमचं पोतं न्हाई बगायचा."

"पोतं मीच दाखवणार आहे."

दाखवलं. पारनेरच्या शेडचे फोटोही दाखवले. साहेब फक्त "अच्छा" म्हणत राहिले. बोल्ट बघितले, अच्छा. स्प्रिंग हातात घेऊन बराच वेळ फिरवली, अच्छा. शेवटी त्यांनी पेन काढलं, आणि तेवढ्यात इरा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काका, तुम्ही इथले की आणलेले?"

मी तिचं तोंड दाबायला धावले. साहेबांनी आधी सही केली, पेनाला टोपण लावलं, मग तिच्यापुढं उकिडवे बसले.

"हितलाच हाय की गं. आपल्याच जिल्ह्यातल्या राहात्याचा."

मग मान वर करून म्हणाले, "पानसरे, ती भेळ कुठं आडली?"