धाब्यावरचं गंगाफळ

दोंडाईच्याच्या बाजारात लाल भोपळा ढिगानं मिळतो. पण त्याला कुणी गंगाफळ म्हटलं की मंजुळाबाईच्या कपाळाला आठी पडते. तिच्या लेखी गंगाफळ एकच, तिच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट माळवदावर पिकणारं. बसकं, खोल फाकांचं, वरून राख फासल्यासारखं आणि आत हळदीच्या रंगाचं. बी तिनं लग्नात माहेराहून आणलं. पुढे नातवंडं झाली, कूलर आला, मागच्या अंगणात मोटारसायकल उभी राहिली. पण मोरीच्या पाण्यावर वाढून मातीच्या धाब्यावर चढणाऱ्या वेलाची जागा तिनं कुणाला दिली नाही. आणि का द्यावी? भाजी सालीसकट करायची, मेथ्यांची फोडणी, वरून शेंगदाण्याचा कूट. शिजली तरी फोड मोडत नाही. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीबरोबर ती एकदा खाल्लेला माणूस दुसऱ्यांदा आमंत्रणाची वाट बघत नाही.

वेलाला पाणी मंजुळाबाईचं, शेणखत तिचं, माकडांना शिव्याही तिच्याच. फक्त पहिला घाव तिच्या नवऱ्याचा, धनसिंगआबांचा. अख्खं गंगाफळ बाईनं फोडायचं नाही, आधी घरातल्या पुरुषानं कोयता लावायचा, असा रिवाज. आबा तो असा थाटात पाळत, की वर्षभर वेलाखाली तेच झोपले होते असं वाटावं.

यंदा पावसाळ्यात आबांना लकवा झाला आणि उजवा हात गेला. त्याच हंगामात फळमाशीनं वेलावरची फळं नासवली. एकच फळ हाती लागलं. मागचं राखलेलं बी उंदरांनी फस्त केलेलं. म्हणजे माहेरचं सगळं वाण आता त्या एका फळाच्या पोटात.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. वरणगावला नोकरीत असलेला मुलगा जितेंद्र सुटीवर आला, म्हणाला, मी फोडतो. आबा खाटेवरून कडाडले, "मी जित्ता शे ना! मना हात बरा व्हवू दे, मीच कापसू."

सुटी संपली तसा जितेंद्र परत गेला. मंजुळाबाईनंही फळ तसंच राहू दिलं, कारण नवऱ्याचा उरलासुरला मान त्या कोयत्यातच अडकलाय, हे तिला दिसत होतं. पण होळी झाली, ऊन तापलं, आणि एका सकाळी फळ उचलताना बुडाशी तिचं बोट आत रुतलं. तिला रडूच आलं. मग स्वतःचाच राग आला.

स्वयंपाकघरात गुपचूप फोडणं सोपं होतं. ते तिला पटलं नाही. फळ आणि भाजी चिरायची पावशी घेऊन ती थेट खाटेसमोर जाऊन बसली.

"बी सडी राह्यनं," ती म्हणाली. "तुम्हना हात बरा व्हई तवलोंग काहीच उरनार नही. मीच कापस."

आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

साल भलतीच टणक. तिनं पावशीवर पाय रोवला, दोन्ही हातांनी फळ रेटलं, घामाघूम झाली, तेव्हा कुठे ते कर्रकन उकललं. बुडाकडच्या बियांना आतच कोंब फुटले होते. बाकीच्या टपोऱ्या, पांढऱ्याशुभ्र. मंजुळाबाईचा जीव भांड्यात पडला.

वास खोलीभर पसरला तसे आबा वळले. मग डावा हात पुढे करून गरातून एकेक बी वेचू लागले. बी निसटत होती, पण त्यांनी नाद सोडला नाही.

दुपारी चुलीवर भाजी रटरटत असताना शेजारची इंदिराबाई बी मागायला आली. उकललेलं फळ पाहिलं, शेजारी पावशी पाहिली आणि आवाज खाली आणून विचारलं, "कोनी कापं वं?"

मंजुळाबाईनं तोंड उघडायच्या आत खाटेवरून आबा गरजले, "जिनी लावं, तिनी कापं! बी जोयजे ना तुले? मंग तिलेच माग."