बोटभर उंच

वाचनालयाच्या जिन्याची सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच होती. चढणारा प्रत्येक जण तिथे अडखळायचा. कुणी शिवी हासडायचा, कुणी आपल्याच चपलेकडे रागानं बघायचा. ती पायरी कुणी बसवली हे एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो दर रविवारी सकाळी खाली मान घालून तोच जिना चढायचा.

तो गवंडी. पन्नाशी उलटलेला, बोटांच्या पेरांत सिमेंट कायमचं मुरलेलं. उमेदीत लोक त्याला ‘ओळंबा’ म्हणायचे. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेला वजनदार गोळा. भिंतीलगत सोडला की भिंत सरळ आहे का कललीय ते तिथल्या तिथे दाखवतो. याची भिंत कधी कलली नाही, म्हणून ते नाव. पुढे पिणं वाढलं. भिंती सरळ राहिल्या, माणूस कलला. नाव तेच राहिलं, पण आता लोक ते हसून घ्यायचे, कारण हा दोरीला टांगल्यासारखा डोलत घरी यायचा.

एका सकाळी बायकोनं त्याची थापी घासूनपुसून फडक्यात गुंडाळली आणि दारात ठेवली. म्हणाली, “थापी अजून चांगली आहे. हिला धरणारा कुणी मिळतोय का बघा.” ती ओरडली असती तर त्यानंही आवाज चढवला असता. ती ओरडली नाही, तिथेच तो खचला.

शेजारच्या आळीतला निवृत्त पोस्टमन स्वतः बारा वर्षं दारूपासून लांब होता. तो गवंड्याला आपल्या दारू सोडलेल्यांच्या बैठकीला घेऊन निघाला. बैठक वाचनालयाच्या माडीवर भरते हे कळलं तशी गवंड्यानं पाठ फिरवली. पोस्टमननं दंड धरला आणि सांगितलं, पहिल्या दिवशी सगळ्यांचेच पाय मागं जातात. त्याला वाटलं, गड्याला दारूची लाज वाटतेय. गड्याला जिन्याची लाज वाटत होती.

त्या जिन्यावर त्याची एक दुपार कायमची बसली होती. पहिल्या सहा पायऱ्या त्यानं जेवणाच्या सुट्टीआधी बसवलेल्या, दोरी ताणून, माप घेऊन. सुट्टीत तो प्यायला. परत आल्यावर दोरी न ताणताच, नजरेच्या अंदाजानं, त्यानं सातवीची लादी सिमेंटच्या ओल्या मालावर दाबली.

माडीवरची मंडळी त्या पायरीवर फार विनोद करत. न्हावी तर दर रविवारी एक नवा सोडायचा. दारू सोडून चार वर्षं झाली, पण ही पायरी अजून झोकांडी दिल्याशिवाय वर सोडत नाही, म्हणायचा. ज्यानं बसवली तो आपल्यातलाच असणार, त्यालाही खुर्ची टाकून ठेवा, असंही एकदा म्हणाला. सगळे हसले. गवंडीही हसला आणि घोटभर पाणी प्यायला.

बैठकीत सांगत, आपल्यापेक्षा मोठ्या कशावर तरी भार टाका, एकट्यानं हे पेलत नाही. गवंड्याचं देवाशी फारसं जमलेलं नव्हतं. त्यानं पोस्टमनला तसं सांगितलं. पोस्टमन म्हणाला, “नशेतसुद्धा तुला ज्याला फसवता आलं नाही, असं काही आहे का? असेल तर त्याच्यापासून सुरुवात कर.”

त्यानं आठवून बघितलं. बायकोला फसवलं होतं, मुकादमाला फसवलं होतं, स्वतःला तर रोजच. ओळंब्याला मात्र कधी फसवता आलं नव्हतं. घरी जाऊन त्यानं तो अडगळीतून काढला. हातात धरला तर डोलतच राहिला, कारण हात थरथरत होता. भिंतीतल्या खिळ्याला टांगला, तेव्हा थोडा वेळ झुलला आणि थांबला. मग रोज सकाळी तो थांबेपर्यंत समोर बसायचं, हा त्याचा नेम झाला.

बायको दोन दिवस बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “लोक देव शोधायला बाहेर जातात. तुमचा घरातच गंजत पडलेला. निदान पुसा तरी त्याला.” त्यानं पुसला. आठ महिने असे गेले. पण त्या गोळ्यासमोर बसलं की रोज एक व्यक्ती आठवायची, आणि ती बैठकीच्या खालच्याच मजल्यावर काम करत होती.

वाचनालयाच्या बाई. सहा वर्षांपूर्वी पुस्तकांचा गठ्ठा घेऊन चढताना त्या सातव्या पायरीवरून खाली गेल्या. मांडीचं हाड मोडलं, तीन महिने अंथरुणात. तेव्हापासून काठी. दर रविवारी त्याच माडीचं कुलूप काढायला येत, एकेक पायरी चाचपत. गवंडी मागं थांबायचा. पुढं जायची छाती नव्हती आणि हात द्यायचा तर कोणत्या तोंडानं द्यायचा?

शेवटी एका शनिवारी तो त्यांच्या टेबलासमोर उभा राहिला. बाई पुस्तकांवर शिक्के मारत होत्या.

“बाई, ती सातवी पायरी मी बसवली. पिऊन.”

शिक्का चालूच राहिला. बाई म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही शुद्धीवर नव्हता.”

सुटायला वाट मिळाली होती. हो म्हणून निघता आलं असतं.

“बसवताना नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी होतो. टेप लावला, चूक दिसली. उखडायची म्हणजे मुकादमाला कारण सांगावं लागणार. म्हणून आठवी तेवढीच बुटकी बसवली आणि माप जुळवून टाकलं. तुम्ही पडलात हे कळलं तेव्हाही गप्प बसलो.”

आता शिक्का थांबला. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“अडखळतात सगळे, पडले मी एकटीच, म्हणून सहा वर्षं मी सगळ्यांना सांगतेय, माझंच लक्ष नव्हतं. लेकानं तीनदा डोळे तपासून आणले माझे. नंबर तोच निघायचा. मग तो म्हणाला, आई, आता वय झालं.” त्यांनी विचारलं, “काय हवंय तुम्हाला? माफी?”

“नाही. छिन्नी लावायची परवानगी.”

बाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, “सोमवारी बंद असतं. पुस्तकांवर धूळ बसता कामा नये. आणि मिस्त्री, वरच्या लोकांना तुम्ही स्वतः सांगायचं. ते काम मी करणार नाही.”

रविवारी त्यानं सांगितलं. उभं राहून, खुर्चीची पाठ धरून, सकाळच्या टेपासकट सगळं. मग न्हावी पुटपुटला, “आणि मी म्हणत होतो, त्याला खुर्ची टाकून ठेवा. ती तर तू धरूनच उभा आहेस.” सगळी खोली पोट फुटेस्तोवर हसली. गवंड्याला हसू आलं नाही. पण तो जिना उतरून पळालाही नाही.

सोमवारी बायको सोबत आली. राखण करायला, म्हणाली. कुणाची ते बोलली नाही. तिनं कपाटांवर जुन्या चादरी टाकल्या आणि पहिल्या पायरीवर बसून राहिली. त्यानं लादी अलगद सोडवली. खालचा माल बोटभर तासताना त्याला आपलाच जुना हात दिसला, घाईनं थापलेला, मधे पोकळ. बायकोनं वाकून बघितलं आणि घमेलं पुढं सरकवलं. लादी बसल्यावर त्यानं टेपनं उंची दोनदा मापली, मग ओळंबा कठड्याला अडकवून पायरीच्या कडेला सोडला. तो थांबेपर्यंत दोघं समोर बसून राहिली.

पुढच्या रविवारी गवंडी खाली उभा राहून चढणारे पाय बघत होता. न्हावी पुढं झाला आणि सातव्या पायरीवर धडपडला. त्याच्यामागं पोस्टमन. मग आणखी दोघं. इतक्या दिवसांची सवय. प्रत्येकाचा पाय बोटभर जास्त उचलला जायचा आणि नसलेल्या उंचीवरून धप्पकन खाली यायचा. न्हाव्यानं वरून ओरडून विचारलं, “मिस्त्री, पिऊन बसवलेली बरी होती का रे?”

आज माडीची किल्ली न्हाव्याकडं देऊन बाई शेवटी आल्या. सहाव्या पायरीवर थांबल्या, काठीनं सातवीची कड चाचपली आणि सावकाश पाय ठेवला. वळून त्याला म्हणाल्या, “आता बरोबर आहे. पायाला पटायला वेळ लागेल.” माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यानंही विचारलं नाही.

त्या वर पोचल्यावर तो चढू लागला. पायरी त्यानं स्वतःच्या हातानं उतरवली होती, दोनदा मापली होती. सातवीवर त्याचाही पाय बोटभर जास्त उचलला गेला.