अक्कांची गोष्ट, माझं नाव

ताडकळसचा गाडीवान कापूस घेऊन सेलूच्या बाजारात आला होता. मला पाहून खाली उतरला आणि म्हणाला, "मास्तर, दुकानवाल्या अक्का गेल्या की. पंधरा दिस झाले." मी "अरेरे" म्हणालो. पण खोटं कशाला बोलू, क्षणभर सुटल्यासारखं वाटलं... आता ती गोष्ट ठाऊक असणारं कुणी उरलं नाही, हा विचार दुःखाच्या आधी आला. त्याचीच लाज वाटून हे लिहायला बसलोय.

गिरजाक्का म्हणजे ताडकळसच्या कापडदुकानदार नागाप्पांची बायको. लिंगायत घर, गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे. मी तिथं शाळेत नोकरीला लागलो तेव्हा त्यांच्याच माडीवर भाड्यानं राहायचो. माझं सारं शिक्षण तिथल्या सरकारी रीतीनं उर्दूतून झालेलं, मराठी घरीच शिकलेली, मोडी-बालबोध वाचता-लिहिता येण्यापुरती. तरी मराठी लेखक व्हायची हौस दांडगी. एकदा अक्कांना कथा वाचून दाखवली. पोळी लाटतालाटता त्या म्हणाल्या, "मास्तर, यात चांदणं लय हाय, माणूस न्हाई. बाजारात बसा. लोक बोलतेत तसं घरी येऊन उतरवा. त्यात आपली अक्कल नका घालू."

त्या स्वतः लिहीत होत्या हे मला पुढं कळलं. वडिलांनी मोडी शिकवलेली. दुपारी जेवणं उरकली की कापडाच्या गाठोड्यांवरचे कागद घेऊन खिडकीपाशी बसायच्या. पाहुणे असोत, अंग दुखो, एक कागद भरल्याशिवाय उठायच्या नाहीत. "सुचल्यावर बसू म्हणलं तर बसणंच हुत न्हाई," म्हणायच्या. लिहिलेलं मोलकरणीला वाचून दाखवायच्या. ती जिथं जांभई देईल तिथं रेघ मारायच्या. मी हे सगळं त्यांच्याकडूनच शिकलो.

त्यांची एक गोष्ट होती. लग्नाचं लुगडं घ्यायला आलेली पोर भारीतलं लुगडं मनातून आवडूनही नाक मुरडते, बापाची मान खाली जाऊ नये म्हणून. शेवटी साधंच लुगडं बगलेत मारून बापाच्या पुढं चालू लागते. मोलकरणीलाही न दाखवता अक्कांनी ते कागद माझ्या हाती दिले. "बालबोधात, छापायच्या अक्षरात उतरवा आन् पुण्याच्या मासिकाला धाडा. बघू काय म्हणतेत." मी ती दोन दुपारांत उतरवली. सही करायची वेळ आली... बाईमाणसाचं नाव नागाप्पांना चालेल का, असं मनाला सांगितलं आणि खाली माझं नाव लिहिलं. विचारायला खाली जायचं तर बारा पायऱ्या होत्या. मी उतरलो नाही.

गोष्ट छापून आली. तोवर अक्कांना मी "परत आली" म्हणून सांगून टाकलं होतं. पण अंक नागाप्पांच्याच हाती पडला. "आपल्या मास्तरची गोष्ट!" म्हणत त्यांनी तो घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. मी जिन्यात उभा. अक्का भाजी निवडत ऐकत होत्या. वाचून संपल्यावर नागाप्पा बाहेर गेले, तशा त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "नाव तुमचं घातलाव, घाला. पण शेवटी ते 'धन्य ती कन्या' कशाला चिकटवलाव? पोर निघून गेली, तिथं गोष्ट सरली व्हती." मी माफी मागायला हवी होती. मी म्हणालो, "वाचकांना कळावं म्हणून." त्यांनी मान हलवली आणि निवडलेली भाजी धुवायला घेतली. त्या गोष्टीवर मला लोक लेखक म्हणू लागले. पुढं मी बदली मागून सेलूला आलो.

परवा ताडकळसला जाऊन आलो. नागाप्पा दुकानात एकटेच बसले होते. त्यांच्या सुनेनं मला आत नेलं. अक्कांचे कागद आहेत का, असं विचारलं. ती म्हणाली, "कागद कुठलं? तुमी गेल्यापासून पाटीवरच लिहायच्या. दुपारी लिहायच्या, मला वाचून दाखवायच्या, आन् सांजंला पुसायच्या. लय चांगलं असायचं हो. म्या एकदा म्हणलं, ठेवा की. तर म्हणल्या, तुला आवडलं न्हवं, मग झालं."

इतकी वर्षं... रोज एक पाटी.

फळीवर ती पाटी होती. शेवटच्या दुपारी लिहिलेलं पुसायचं राहून गेलं होतं, सुनेनं तसंच जपलं होतं. मी उठून हात पुढं केला. तिनं माझ्याआधी पाटी उचलली, अक्षरं भिंतीकडं करून पुन्हा ठेवली आणि मान खाली घालून म्हणाली, "राग नका धरू मास्तर... कुणालाबी दावा म्हणल्या व्हत्या. तुमाला तेवढं नको म्हणल्या."