मिठाचे सहा माठ

सत्तरच्या दशकात आसेगावजवळच्या तलावावर मी एकटाच सरकारी माणूस होतो. झिंग्यांच्या एकेका मादीची पिल्लं वेगळ्या माठात ठेवायची, रोज थोडं मीठ वाढवायचं आणि कोणाची पिल्लं टिकतात ते पाहायचं, हे माझं काम. बोलायला कोणी नसल्यामुळे मी माठांसमोरच भाषणं ठोकायचो. श्रोते रोज कमी होत होते.

किराणा दुकानवाल्या चाचांना संशय आला. "साहेब, एकटा जीव तुमी, इतकं मीठ कायले? लोणचं घालून राह्यले काय?"

मी बेधडक हो म्हणालो.

एका सकाळी पाच माठांत सगळं संपलेलं होतं. सहाव्यात मात्र एकाच आईची सगळी पिल्लं टुणटुणीत! खारं पाणी सोसायचा गुण आईकडूनच आला होता. मी टाळ्या पिटल्या, पण ऐकणारं कोणी नव्हतं. म्हणून धावत जाऊन चाचांना सगळं सांगितलं.

"म्हंजे लोणचं नाही?" ते हिरमुसले. "म्या बरणी धुऊन ठेवली ना!"

त्याच दुपारी मी कैऱ्या चिरल्या. मुरायला महिना लागेल, असं मुद्दाम सांगितलं. तेवढे दिवस चाचा रोज चौकशीला येणार होते.