सव्वादोन वारांचा पंखा

एक्याऐंशी इंच म्हणजे सव्वादोन वार. हा हिशोब मी मनात केला, आणि तेवढ्यात तव्यावरची पोळी करपली.

मी सौसरला घरीच ब्लाऊज शिवते. हे लिहिते आहे ते मापाच्या वहीच्या मागच्या पानांवर. चौथीपर्यंत शिकले तेवढ्यावर लिहिता येतं, आणि कोणी वाचणार नाही म्हणून लिहवतं. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही.

त्या शनिवारी माझी धाकटी बहीण आणि तिची मुलगी जामसांवलीच्या हनुमानाचं दर्शन घेऊन माझ्याकडे जेवायला आल्या. बहीण पांढुर्ण्याला शाळेत शिकवते. भाची नागपूरला एका कारखान्यात आहे. तिथे विमानांची इंजिनं काढून आणतात, उघडतात, तपासून पुन्हा बंद करतात. दोघी बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या, मी आत चुलीपुढे. भाची आईला सांगत होती आणि मी ऐकत होते.

"आई, या नव्या इंजिनाचा समोरचा पंखा एक्याऐंशी इंचाचा आहे. जुन्या इंजिनाचा अडुसष्ट होता."

"बापा! एवढा पंखा! मंग आत बसलेल्याइले थंडी नाही वाजत काय?"

"आई, तो हवा खायचा पंखा नाही व. तो हवा मागं ढकलते, म्हणून विमान पुढं जाते. त्याले रेटा म्हणतात."

"हाव हाव, समजलं," बहीण म्हणाली. तिचा अंगठा मोबाईलवर फिरत होता, ते मला दारातून दिसत होतं.

भाचीने हात पसरून सांगितलं, की पंखा मोठा असला म्हणजे खूप हवा एका वेळी ढकलता येते, सावकाश ढकलली तरी चालते. तेल कमी लागतं, आवाज कमी होतो. पण आतलं चाक फार जोरात पळतं. तेवढ्या जोरात एवढा मोठा पंखा फिरवता येत नाही. म्हणून मध्ये गिअर बसवला आहे. आतलं चाक तीनदा फिरतं तेव्हा पंखा एकदा फिरतो.

मी माझ्या मशीनकडे पाहिलं. खाली मोठं चाक, वर लहान, मध्ये पट्टा. मोठं चाक पायाने एकदा फिरवलं की वरचं कितीदा तरी फिरून घेतं. त्या इंजिनात हेच उलटं बसवलं होतं. लहान पळणार, मोठं सावकाश चालणार. मला कळलं होतं आणि बहिणीला कळलं नव्हतं. पण सांगितलं जात होतं तिला.

जेवताना भाची म्हणाली, "आईनं मले लहानपणी सगळं खोलू देल्लं. घड्याळ, मिक्सर, सगळं. म्हणूनच मी या लाईनीत आली."

माझ्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. पहिलं यंत्र तिने माझं उघडलं होतं. सात वर्षांची होती, उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेली. माझ्याच पेचकसाने तिने मशीनचं तोंड खोललं, बॉबिनची डबी काढली, सगळे स्क्रू एका बशीत मांडले. लग्नाचे पाच ब्लाऊज अडले होते, तरी मी तिला रागावले नव्हते. ते ती विसरली. बहिणीला तर ठाऊकच नव्हतं. मी तिच्या ताटात वरण वाढलं.

मग भाचीने सांगितलं, की कारखाना घरच्यांना एक दिवस आतून दाखवणार आहेत. एकाला एकच माणूस आणता येईल. "आई, तू येशीन न?"

बहीण म्हणाली, "येईन बापा, पण उभं किती वेळ ठेवतीन?"

आंगणात हात धुताना भाची एकटी सापडली. मी पाणी ओतत होते. कसं कोण जाणे, तोंडातून निघालं, "मोठ्या विमानाले याहून मोठा पंखा लागत असन न?"

ती हात तसेच धरून माझ्याकडे पाहू लागली. "मावशी, मी बी पयले असंच समजत होती! नाही व. लहान, मधलं, लांब, अशी तीन विमानं आहेत. तिघाइले पंखा हाच. एकाले चोवीस हजार पौंडाचा रेटा, एकाले तेहतीस हजाराचा. अंग तेच. कोणी किती जोर लावायचा ते वरून ठरवून देतात."

"म्हंजे कमीवाल्यात जोर नसते असं नाही?"

"असते न. लावू देत नाहीत."

एवढं बोलून ती चपला घालायला गेली. मी रिकामा गडवा धरून उभी राहिले. माहेराजवळच्या मोहगावला पाचवीची शाळा होती. मला पाठवलं नाही, कारण ही बहीण तेव्हा रांगत होती आणि आई कापूस वेचायला जायची. बहिणीला पाचवी आली तेव्हा तिला सायकल घेऊन दिली.

त्या गेल्यावर मी साडेचाळीस इंचाची, म्हणजे एक्याऐंशीच्या निम्मी दोरी कापली. एक टोक घराच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला बांधलं, दुसऱ्याला शिवणाचा खडू, आणि गोल काढला. त्यात उभी राहून हात वर केला. बोटं वरच्या रेषेपासून चांगली वीतभर खाली राहिली. बराच वेळ मी तशीच उभी होते. शेजारीण कुंपणाच्या भिंतीवरून डोकावली, "काय मोजून राहिली व बाई?" मी म्हटलं, "पडदा."

बहिणीने काठाच्या साडीवरचा ब्लाऊज आधीच शिवायला ठेवला होता; तोच ती कारखाना पाहायला घालणार होती. तिचं माप मला पाठ आहे. मुंड्यात, बाही जोडतात तिथे, मी अर्धा इंच कमी धरला. चुकून नाही. खडूने रेष मारली, पुसली, पुन्हा आतून मारली आणि शिवून टाकलं. आत माया भरपूर ठेवली, म्हणजे उसवून सैल करता येईल. एवढीच काय ती भीती वाटली म्हणायची.

पुढच्या आठवड्यात भाचीने मोबाईलवर फोटो पाठवला. रांगेने बायामाणसं त्या पंख्यापुढे उभी होती. सगळ्यांनी पंख्याचा आकार दाखवायला हात वर केले होते, सगळे हसत होते. बहिणीचा हात खांद्यापर्यंत येऊन थांबला होता आणि तोंड आखडलेलं. मला आधी आनंद झाला. मग मी फोटो मोठा करून पंख्याची पाती मोजली. वीस होती. प्रत्येक पात्याला पीळ होता, पदराच्या निऱ्या जशा एका बाजूला झुकतात तसा. बहीण त्याच्या एवढ्या जवळ उभी होती.

दोन दिवसांनी बहीण ब्लाऊज घेऊन आली. "बाई, मुंड्यात लय आवळते. पोरगी म्हणे हात वर कर, हात वर कर, न माहा हात वरच जाईना. सगळे हसले. म्हातारी झाली व मी, जाडी झाली."

मी म्हटलं, "थोडं चुकलं असन." तिच्याकडे पाहिलं नाही. ब्लेड घेतलं आणि उसवू लागले.

ती बाजेवर बसली. "खरं सांगू काय? मले तिथं काईच समजलं नाही. दोनदा विचारलं त पोरगी चिडली, म्हणे आई तू ऐकतच नाही. शाळेत पोरं विचारून राहिले, मॅडम, काय पाहून आल्या? काय सांगू?"

मी उसवायचं थांबवलं. मशीनच्या खालच्या चाकाला हात लावून म्हटलं, "हे पाह्य. मोठं एकदा फिरलं की वरचं लहान कितीदा फिरते?"

"लय वेळा."

"तिथं उलटं आहे. आतलं लहान चाक लय पळते. ते तीनदा फिरते तवा पंखा एकदा. मोठा पंखा सावकाश फिरला तरी चालते, हवा लय ढकलते."

तिने स्वतः चाक फिरवून पाहिलं. एकदा, दोनदा. "अगं माय! एवढंच? हे त मी पोराइले सायकलवर बी दाखवीन." मग म्हणाली, "बाई, तूच जायले पाहिजे होतं."

ऐकून बरं वाटलं, पण ते माफ करणं नव्हतं. एवढ्या वर्षांनी म्हणाली, आणि म्हणाली तेही कारखाना पाहून आल्यावर.

ब्लाऊज शिवून दिला. तिने तो घातला, दोन्ही हात वर केले, पसरले. "एवढा होता व, एवढा!" हात माझ्या छपराच्या लाकडाला लागले.

जाताना ती दारात वळली. "न तो रेटा? लहान विमानाले कमी न मोठ्याले जास्त, पोरगी काहीतरी सांगत होती. पंखा लहान-मोठा असते काय?"

"ते तुह्या पोरीलेच विचार," मी म्हटलं, आणि पुढचा ब्लाऊज मशीनवर घेतला.