डोहाच्या तळाचा फोटो

आमचे हे संगमनेरजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत, बाकीचं ह्यांच्याच पुस्तकांतून चोरून वाचलेलं.

गावाला लागून प्रवरेचा डोह होता. त्या साली शाळेला दोन खोल्या वाढवायच्या ठरल्या आणि पायासाठी गोटे हवे होते. पाटील म्हणाले, डोहाची खालची कड फोडा, पाणी उतरलं की तळातले गोटे गाड्यांत भरा. सगळ्यांना पटलं. पटलं नाही ते एकट्या ह्यांना, आणि शाळा तर ह्यांचीच!

"डोह रिकामा केला तर मासे राहतील कुठं?" हे म्हणाले.

"मास्तर, मासं पान्यात ऱ्हात्यात, गोट्यात न्हाई," पाटील हसले. "पावसाळ्यात येतील की पुन्यांदा."

"गोट्यांतच राहतात. मी दाखवतो."

"बुडी मारून व्हय?" मागून कुणीतरी विचारलं. ह्यांना पोहता येत नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

"फोटो काढून."

पाटलांनी अमावास्येपर्यंत थांबायचं कबूल केलं. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी कड फुटणार होती.

हे नगरला जाऊन एका फोटोवाल्या मित्राचा डबा कॅमेरा मागून घेऊन आले. रीळ एकच मिळालं, आठ फोटोंचं. ह्यांची युक्ती अशी, की रॉकेलच्या डब्याचं बूड कापायचं, तिथं काच बसवायची, डबा पाण्यात अर्धा बुडवून धरायचा आणि आतून कॅमेऱ्यानं खाली बघायचं. वरून पाणी नुसतं चकाकतं. काचेतून तळ लख्ख दिसतो.

काच बसवायचं काम माझ्याकडे आलं. मी काय केलं असेल? लोणच्याच्या बरणीचं झाकण लिंपतो तसं, उडदाचं पीठ घट्ट मळून कडेनं लावलं आणि दोन दिवस उन्हात वाळवलं. दगडासारखं झालं! सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "आता जन्मात निघायची नाही."

आमच्याकडे नावा नव्हत्या. नदी ओलांडायला गूळ कढवायची मोठी पसरट काहील, तीच पाण्यात सोडायची. भर दुपारी हे काहिलीत बसले, काहीलवाल्यानं बांबू टेकवला. मी काठावर उभी. थोड्या वेळानं ह्यांचा आवाज, "अरे, सरका! सरका की!"

पीठ भिजलं होतं आणि डोहातले सगळे बारके मासे जेवायला आले होते. काचेवर नुसती तोंडं! आता सरतील, मग सरतील म्हणत ह्यांनी सहा फोटो वाया घालवले. तेवढ्यात काच एका बाजूनं सुटली. हे कॅमेरा छातीशी धरून उठले, काहील गर्रकन फिरली, आणि काहीलवाला ओरडला, "बसा मास्तर, बसा! तुमी बुडाल ते बुडाल, माजी काईल बुडंल!"

घरी आल्यावर हे जेवलेच नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. दोन फोटो उरले होते आणि अमावास्येला आठ दिवस.

या वेळी मी मेण आणि राळ तापवून काच बसवली, रात्रभर डब्यात पाणी भरून ठेवलं. थेंब गळला नाही. पण काहीलवाला अडून बसला. "मास्तर लई हलत्यात. वैनींना पवता येतं नव्हं? त्यास्नी बसवा."

येत होतं. माहेरच्या विहिरीत मी पोरांच्या आधी उडी मारायची. हे सासूबाईंकडे बघायला लागले. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघतोस? पीठ तिनं लावलं, आता निस्तरू दे तिलाच."

पदर खोचून मी बसले. बांबू टेकला की गाळ उठायचा, म्हणून मी तो काढायला लावला आणि चऱ्हाटानं काहील काठावरूनच हळूहळू सोडायला सांगितली. डब्यात डोकं घातलं. अगं बाई! वाळूत शिंपले उभे, जशा काही कुणी कडेवर वाट्या रोवल्यात. गोट्यांच्या खाचेखाचेत मासे, नाकं बाहेर काढून. आणि दोन गोट्यांच्या मधून एक वाम मासळी, सापासारखी हातभर लांब, माझ्याकडेच बघणारी. मी श्वास धरला आणि खटका दाबला. मग थोडं पुढं जाऊन दुसरा.

नगरहून फोटो आले अगदी अमावास्येच्याच दिवशी. एक हलला होता. दुसऱ्यात गोटे, शिंपले आणि वाम. पाटलांनी तो उजेडाकडे धरला, उलटा केला, सुलटा केला.

"ही आपल्या डोहातली?"

"तुमच्याच," हे म्हणाले.

पाटील तडक डोहावर गेले. काहील मागवली, धोतर सावरून बसले आणि डब्यात डोकं घातलं. किती वेळ ते वर येईचनात. काठावर माणसं जमली. शेवटी डोकं काढून म्हणाले, "घरं हायेत रं खाली. एकेक खोली भरल्याली." मग गाडीवाल्यांकडं वळून, "उताराच्या खाली वढ्यात गोटं हायेत. अर्धा कोस लांब पडंल, पडू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या डोहावरून सरळ पुढं गेल्या. आम्ही दारात उभ्या होतो. सासूबाई फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, त्या काहीलवाल्याला विचार, दुपारी मोकळा आहे का. मलाही ती वाम बघायचीय."